अवघड इंग्रजी शब्द पाठ करू नका, सोलून बघा

आमच्या इमारतीतली एक मुलगी गेल्या वर्षी नर्सिंगला लागली. शाळा मराठी माध्यमाची, अभ्यासाला कष्टाळू. दिवाळीच्या सुट्टीत ती एक जाड वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, एवढं सगळं पाठ करायचंय." वहीच्या एका पानावर 'कोलेसिस्टेक्टॉमी' हा शब्द पेन्सिलीने अकरा वेळा लिहिलेला होता. अकराही वेळा स्पेलिंग बिनचूक. अर्थ विचारला तर म्हणाली, "पित्ताशय काढायचं ऑपरेशन." तेही बरोबर. मग मी विचारलं, "या शब्दात पित्त कुठे आहे? आणि 'काढायचं' कुठे आहे?" ती शब्दाकडे बघत राहिली.

ती दुपार आम्ही त्या एका शब्दावर घालवली. संध्याकाळी जाताना तिने वहीतल्या पुढच्या कितीतरी शब्दांचे अर्थ न बघता सांगितले. मी इंग्रजीतून मराठीत तांत्रिक मजकुराची भाषांतरं करतो आणि ही पद्धत मला कामानेच शिकवली. ती इथे पायरीपायरीने मांडतो आहे. उदाहरणं मुद्दाम वैद्यकातली जास्त घेतली आहेत, कारण रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड प्रत्येक घरात कधी ना कधी येतं आणि ते हातात धरून माणसं हतबल झालेली मी पाहिली आहेत.

आधी स्पेलिंग उतरवून घ्या

शब्द कानावर पडला किंवा देवनागरीत वाचला, की पहिलं काम म्हणजे त्याचं इंग्रजी स्पेलिंग मोठ्या अक्षरांत कागदावर लिहायचं. देवनागरी उच्चार नेमका दाखवते, पण 'फ' हा एफचा की पीएचचा, 'क' हा नुसत्या सीचा की सीएचचा, हे तिच्यात दिसत नाही. आणि शब्द कुठल्या गावचा, ते बहुतेक वेळा नेमकं याच अक्षरांवरून ओळखू येतं.

पीएच, आरएच, 'क' असा उच्चार होणारं सीएच, शब्दाच्या पोटात बसलेला वाय, सुरुवातीला लिहिलेला पण न उच्चारलेला पी, यांपैकी काही दिसलं तर शब्द बहुधा ग्रीक वळणाचा. सोरायसिस आणि न्यूमोनिया या दोघांच्या सुरुवातीचा मुका पी हा त्याच घराण्याचा. सुरुवातीला 'अल' असेल तर अरबी असू शकतो, कारण 'अल' हे अरबीतलं नामाच्या आधी लागणारं उपपद. अल्जिब्रा, अल्कोहोल, अल्कली हे तसे आले. पण 'असू शकतो' एवढंच म्हणायचं. केस गळण्याला अलोपेशिया म्हणतात, त्याच्याच एका प्रकाराला आपण चाई म्हणतो. तो 'अल'ने सुरू होत असला तरी अरबी नाही. ग्रीकमध्ये 'अलोपेक्स' म्हणजे कोल्हा. खरूज होऊन केस झडलेला कोल्हा बघून हे नाव पडलं.

शक्य असेल तिथे ब्रिटिश स्पेलिंग बघा. अमेरिकनांनी अक्षरं कमी केली तेव्हा काही खुणा पुसल्या गेल्या. 'ऑर्थोपेडिक' घ्या. अमेरिकन स्पेलिंग बघून वाटतं, हा 'पेड' म्हणजे पेडलमधला, पेडेस्ट्रियनमधला लॅटिन पाय. हाडांचे डॉक्टर पाय बघतात, म्हणजे अर्थही जुळतो! पण ब्रिटिश स्पेलिंगमध्ये पीनंतर ए आणि ई ही दोन अक्षरं येतात आणि ती ग्रीक 'पाइस', म्हणजे मूल, या शब्दाची खूण आहे. निकोला आंद्री नावाच्या फ्रेंच वैद्याने १७४१ साली 'ऑर्थोस' म्हणजे सरळ आणि हे 'मूल' जोडून शब्द घडवला. त्याचा विषय होता मुलांच्या शरीरातली व्यंगं सरळ कशी करावीत हा. पेडियाट्रिकमधलं मूल आणि ऑर्थोपेडिकमधलं मूल एकच.

शेपटीपासून सुरुवात करा

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. काय झालं, काय केलं, ते कळायला वाक्य संपावं लागतं. वैद्यकीय शब्दाचंही तसंच आहे. काय बिघडलंय किंवा काय केलंय ते शेपटीत असतं, कुठे ते मधे असतं. म्हणून शब्द डावीकडून वाचत बसू नका, उजवीकडून पकडा.

'टोम' म्हणजे कापणं. 'ॲटम'मध्येही तोच आहे, 'अ' अधिक 'टोम', म्हणजे न कापता येणारा. त्याच्यापुढे 'एक', म्हणजे बाहेर, लावलं की होतं एक्टॉमी, कापून बाहेर काढणं. नुसतं ऑटॉमी म्हणजे कापून उघडणं. आणि ऑस्टॉमीमध्ये 'स्टोमा' आहे, म्हणजे तोंड. शरीराला नवं तोंड करून देणं. एकेका अक्षराचा फरक, पण रुग्णाच्या आयुष्यात केवढा! कोलेक्टॉमी म्हणजे मोठ्या आतड्याचा भाग किंवा सगळंच मोठं आतडं काढलं. कोलोस्टॉमी म्हणजे मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर आणलं आणि आता तिथे पिशवी लावावी लागणार. घरच्यांना हा फरक आधी कळला तर ते तयारीने घरी येतात.

आता ही 'कोले' आणि 'कोलो' बघून देवनागरीत घोटाळा होतोच. कोलोस्टॉमीतला 'को' नुसत्या सीचा, कोलन म्हणजे मोठं आतडं. कोलेसिस्टेक्टॉमीतला 'को' सीएचचा, 'कोले' म्हणजे पित्त. स्पेलिंग आधी उतरवा म्हणालो ते यासाठी.

तर 'कोले' पित्त, 'सिस्ट' पिशवी, 'एक्टॉमी' कापून काढणं. पित्ताची पिशवी कापून काढणं. एवढं उलगडल्यावर मी तिला शेपटी बदलून दिली: कोलेसिस्टायटिस? 'आयटिस' म्हणजे दाह, सूज, हे तिला माहीत होतं. "पित्ताशयाला सूज." बरोबर. मग नुसतं सिस्टायटिस? "पिशवीला सूज," ती म्हणाली, आणि लगेच थांबली. "पण काका, कुठली पिशवी?" मला फार आनंद झाला, कारण हा प्रश्न पाठांतर करणाऱ्याला कधीच पडत नाही. उत्तर असं की नुसत्या सिस्टायटिसमध्ये ती मूत्राशयाची पिशवी धरतात. शब्द फोडून अर्थाच्या दारापर्यंत जाता येतं, आतली वहिवाट मात्र विचारूनच घ्यावी लागते.

पित्ताचा हा 'कोले' आणखी दोन ठिकाणी भेटतो. कोलेस्टेरॉल आधी पित्तखड्यांत सापडलं, म्हणून 'कोले' आणि 'स्टेरिओस' म्हणजे घन. मेलँकली, म्हणजे खिन्नता, हे शब्दशः 'काळं पित्त'. शरीरात काळं पित्त वाढलं की माणूस उदास होतो, असं जुने ग्रीक वैद्य मानायचे.

बाकीच्या शेपट्या भराभर सांगतो: 'अल्जिया' दुखणं, 'इमिया' रक्तात काहीतरी असणं किंवा रक्ताची अवस्था, 'युरिया' मूत्रात काहीतरी असणं, 'स्कोपी' आत डोकावून बघणं, 'ग्राफी' नोंद किंवा चित्र काढण्याची क्रिया, 'ग्राम' ती काढलेली नोंद. 'ओमा' म्हणजे गाठ, पण इथे सावध राहा. हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त, त्यात कर्करोगाचा संबंध नाही. ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू, त्यात तर गाठच नाही. 'ग्लॉकोस' हा ग्रीकमधला निळसर-करडा रंग. शेपटी बघून घरच्यांना घाबरवू नका.

डोक्याला लागलेला तुकडा: इथे आपण आधीच श्रीमंत आहोत

शाळेत उपसर्ग पाठ केले होते ना? प्र, परा, अप, सम्... ते इथे कामाला येतात. ग्रीक 'पेरि' म्हणजे भोवती, आपला 'परि', परिसरातला, परिक्रमेतला. पेरिकार्डियम म्हणजे हृदयाभोवतीचं आवरण. ग्रीक 'डिस' म्हणजे वाईट, बिघडलेलं, आपला 'दुस्', दुष्काळातला, दुर्गंधातला. ग्रीक 'यू' म्हणजे चांगलं, आपला 'सु'. नकाराचं बघा. संस्कृतात व्यंजनापुढे 'अ' आणि स्वरापुढे 'अन्' लागतो: अशक्त, पण अनादर. ग्रीकमध्ये हुबेहूब हाच नियम आहे, म्हणून अटिपिकल, पण ॲनिमिया. कोणी कोणाकडून उसना घेतलेला नाही. दोघांनी तो एकाच घरातून आणला.

हायपो आणि हायपर यांच्यासाठी तर ही किल्ली प्रत्येकाने खिशात ठेवावी. काही वर्षांपूर्वी एका नातेवाइकाने फोनवर मला 'हायपो' सांगितलं की 'हायपर', ते नीट ऐकू आलं नाही. मी थायरॉइडबद्दल पुढे घरच्यांना उलटाच निरोप दिला. औषध डॉक्टरांनी दिलेलं होतं म्हणून निभावलं, पण ती चूक मला आजही बोचते. तेव्हापासून मी असं लक्षात ठेवतो: हायपर म्हणजे 'उपरि', वर, जास्त. हायपो म्हणजे 'उप', खालचा, कमी, जसा उपनिरीक्षक किंवा उपनगर. हे नुसतं लक्षात ठेवायचं तंत्र नाही. उपरि-हायपर आणि उप-हायपो या खरोखरच सख्ख्या जोड्या आहेत. फोनवर मात्र 'वाढलंय की कमी झालंय' असं विचारूनच घ्या.

मधला गाभा

गाभ्याचे तुकडे बहुधा अवयवांची नावं असतात आणि त्यांतली बरीच आपल्या ओळखीची निघतात. ऑस्टिओ म्हणजे अस्थि. ओडोंट आणि डेंट म्हणजे दंत. पोड आणि पेड म्हणजे पाद. लॅटिन 'जेनू' म्हणजे जानु, गुडघा. ग्रीक 'ओनिक्स' म्हणजे नख. नखाच्या आजारांच्या नावांत जो 'ओनिको' दिसतो तो हाच. 'हेपार' आणि यकृत् हेही एकाच कुटुंबातले. ऐकून पटत नाही, पण भाषाशास्त्रज्ञांनी ध्वनी कसे बदलत गेले ते नियमाने दाखवलं आहे. आणि डिसेंटरी फोडा: 'डिस' अधिक 'एंटेरा'. 'एंटेरा' म्हणजे आतडी, आपलं आंत्र, ज्यातून आतडं हा मराठी शब्द आला. दुस् आणि आंत्र, हा आजार नावातच सांगितलेला आहे.

तुकडे जोडताना मधे बहुधा एक 'ओ' येतो. त्याला अर्थ नसतो, नुसता सांधा असतो. ऑस्टिओपोरोसिसमध्ये ऑस्टि हाड, पोर छिद्र, ओसिस अवस्था आणि मधला 'ओ' सांधा. हा सांधा ओळखता आला की कुठे तोडायचं ते कळतं. नाही ओळखला की चुकीच्या जागी तुटतं. सगळ्यात प्रसिद्ध चूक हेलिकॉप्टरची. आपण 'हेलि' आणि 'कॉप्टर' असा तोडतो, आणि हेलिपॅडसारखे शब्द त्या तोडण्यावरूनच झाले. खरा शब्द 'हेलिको' अधिक 'प्टर' असा आहे. हेलिक्स म्हणजे मळसूत्र, पीटीने सुरू होणारं 'प्टेरॉन' म्हणजे पंख. १८६१ साली फ्रेंचमध्ये घडवलेला हा शब्द, गोल फिरणारा पंख. संस्कृतात 'पत्र' म्हणजे पानही आणि पंखही, 'पत्' म्हणजे उडणं. आपलं पत्र आणि हेलिकॉप्टरची शेपटी एकाच मुळाची.

एक तुकडा मला सगळ्यांत जास्त आवडतो, तो 'मायो', म्हणजे स्नायू. मायोकार्डियल, मायोपथी, मायाल्जिया, सगळीकडे तो आहे. ग्रीकमध्ये 'मिस' या शब्दाचे दोन अर्थ, स्नायू आणि उंदीर. लॅटिनमध्ये 'मस्क्युलस' म्हणजे छोटा उंदीर, आणि त्यातूनच इंग्रजी मसल. आपला मूषक त्याच कुटुंबातला. दंड आवळला की कातडीखाली काहीतरी टुणकन पळतं, ते त्यांना उंदरासारखं दिसलं. आपल्याकडे लहान मुलं दंड वाकवून काय म्हणतात? "बघ माझी बेडकुळी!" त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. हे तिला सांगितलं तेव्हा तिने वहीत मायोच्या शेजारी दंडातली बेडकुळी काढली. तो तुकडा ती आता विसरायची नाही.

याच शब्दाच्या जोडीला डिस्चार्ज कार्डावर 'इन्फार्क्शन' येतो. मायोकार्डियल इन्फार्क्शन, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मरणं, रोजच्या बोलण्यातला हार्ट ॲटॅक. लॅटिन 'इन्फार्किरे' म्हणजे ठासून भरणं. नाटकातला 'फार्स' त्याच मुळाचा आहे. जुन्या धार्मिक नाटकांमधल्या मोकळ्या जागांत हसवणारे प्रवेश भरत, म्हणून तो फार्स.

जोडून आलेला अर्थ आणि आजचा अर्थ शेजारी ठेवा

तुकड्यांची बेरीज झाली की काम संपलं असं वाटतं. संपत नाही. शब्द घडला त्या दिवशी लोकांना जे वाटत होतं, तेच त्यात गोठलेलं असतं, आणि ते चुकीचं असू शकतं.

बीपीच्या मशीनचं लांबलचक नाव घ्या: स्फिग्मोमॅनोमीटर. 'स्फिग्मोस' म्हणजे नाडीचे ठोके, 'मानोस' म्हणजे विरळ, 'मेट्रॉन' म्हणजे माप, आपल्या मात्रेचा भाऊबंद. वायू किती विरळ आहे ते मापणारं म्हणून मॅनोमीटर, पुढे दाब मापणाऱ्या साधनालाच ते नाव राहिलं. आता हाच स्फिग्म आठवून ॲस्फिक्सिया फोडा. 'अ' अधिक 'स्फिक्सिस', म्हणजे नाडी नसणं. पण आज ॲस्फिक्सिया म्हणजे गुदमरणं, प्राणवायू न मिळणं. आणि गुदमरणाऱ्या माणसाचं हृदय तर शेवटपर्यंत धडधडत असतं! शब्द नाडीकडून श्वासाकडे सरकला, स्पेलिंग जुन्या जागी राहिलं. तुकड्यांवर विसंबून कोणी याचा अर्थ 'नाडी बंद' असा लावला तर गंभीर चूक होईल.

ऑक्सिजनचं असंच झालं. 'ऑक्सिस' म्हणजे आंबट आणि 'जेन' म्हणजे जन्म देणारं, आपल्या 'जन्'चं भावंड. सगळ्या आम्लांमध्ये हा वायू असतो, असं लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला वाटलं म्हणून त्याने अठराव्या शतकात हे नाव दिलं. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतो हे नंतर कळलं, तोवर नाव जगभर गेलं होतं. मराठीतलं 'प्राणवायू' निदान खरं तरी बोलतं. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये वाईट हवा, दलदलीची. डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादेत दिसला, तरी दोष नावात अजून हवेलाच आहे. आपण त्याला हिवताप म्हणतो. कारणाच्या भानगडीत न पडता अंगाला जे जाणवतं तेच सांगणारं हे नाव मला जास्त प्रामाणिक वाटतं.

आता कोश उघडा, आणि नोंद वाचायला शिका

इथवर आपण जे केलं ते अंदाज होते. कोशात पडताळल्याशिवाय त्यातलं एकही कोणाला सांगू नका. इंग्रजी शब्दांच्या इतिहासासाठी सगळ्यांत मोठा आधार म्हणजे ऑक्सफर्डचा मोठा कोश. त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं. ग्रीकसाठी लिडेल-स्कॉट, लॅटिनसाठी लुईस-शॉर्ट, भारतातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांसाठी १८८६ सालचा हॉब्सन-जॉब्सन आणि मराठीसाठी मोल्सवर्थ. शेवटचे दोन शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात इंटरनेटवर मोफत उघडतात. मराठी प्रतिशब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश बघा. तिथले शब्द अवघड असतात अशी तक्रार नेहमी ऐकू येते, पण मुळाचा पत्ता लागायला ते फार उपयोगी पडतात. 'भूमिती' हा शब्दच बघा ना. भू आणि मिती, जिओ आणि मेट्री, तुकड्याला तुकडा.

नोंदीत तीन गोष्टी शोधा. पहिली, शब्द कुठून आला. तिथे 'पासून आला' आणि 'सगोत्र' यांत फरक करतात, तो डोळ्यांत तेल घालून बघा. दुसरी, रूपाच्या आधी छोटी तारका आहे का. तारका असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलनेने मांडलेलं आहे. तिसरी, पहिली तारीख. ती शब्दाच्या जन्माची तारीख नसते, लेखनात तो प्रथम सापडला त्याची असते.

'पासून' आणि 'सगोत्र' यांची गल्लत आपल्याकडे फार होते. नेव्हिगेशन हा शब्द संस्कृत 'नवगति'पासून आला, हा निरोप तुमच्याही फोनवर आला असेल. तो खरा नाही. नेव्हिगेशन लॅटिनमधून आला: 'नाविस' म्हणजे जहाज, 'आगेरे' म्हणजे हाकणं. पण आता गंमत बघा, 'नाविस' आणि आपली 'नौ' सगोत्र आहेत. 'आगेरे' आणि संस्कृतातला 'अज्', हाकणं, हेही सगोत्र. म्हणजे नातं खरं आहे, फक्त ते आई-मुलीचं नाही, बहिणी-बहिणींचं आहे. विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीश-पंडिताने १७८६ साली कलकत्त्यात हेच मांडलं होतं, की संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचा उगम एक असावा आणि तो उगम आज कदाचित उरलेला नाही. खरी गोष्ट इतकी सुंदर असताना खोटी कशाला पुढे पाठवायची?

आणि संस्कृतातून खरोखर गेलेले शब्दही आहेत. त्रिकोणमितीतला 'साइन' घ्या. आर्यभटाच्या गणितात तो 'ज्या' आहे, म्हणजे धनुष्याची दोरी, तिलाच 'जीवा' म्हणत. अरबांनी जीवाचं 'जीब' केलं. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर गाळतात, दीर्घ स्वरांची खूणही कित्येकदा फसवते, त्यामुळे ते पुढे 'जैब' असं वाचलं गेलं. जैब म्हणजे वस्त्राचा छातीवरचा घोळ. बाराव्या शतकात अरबीतून लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्याला घोळ, खोलगट भाग या अर्थाचा लॅटिन शब्द दिला, 'सिनुस'. त्यातून साइन. हाच सिनुस नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांचंही नाव झाला, ज्या भरल्या की "माझं सायनस वाढलंय" म्हणतो. आणि तो अरबी जैब आपल्याकडे फारसीतून 'जेब' होऊन आला, म्हणजे खिसा. दहावीचं गणित, चोंदलेलं नाक आणि खिसा या तिघांची गाठ एका वाचनाच्या चुकीत पडते.

जे फुटत नाहीत ते फोडू नका

वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध. याला ग्रीक मूळ शोधत बसाल तर दिवस जाईल. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन ॲल्युमनाय रिसर्च फाउंडेशन या संस्थेच्या आद्याक्षरांना कूमरिन या रसायनाची शेपटी जोडून ते नाव केलं. पार्किन्सन, अल्झायमर ही माणसांची नावं. पोटात गुडगुडण्याला 'बोर्बोरिग्मस' म्हणतात. तो ग्रीक आहे, पण तो नुसता आवाज आहे, आपल्या गुडगुडीसारखाच.

मंगूसचं स्पेलिंग बघून कोणी त्यात 'गूस', म्हणजे हंस शोधतो. तो हंस तिथे इंग्रजी कानाने आणून बसवला आहे. शब्द आपला मुंगूस आहे, मराठीतून सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी लेखनात पोचलेला. म्हणून अनेकवचनही हंसासारखं 'मंगीस' न होता 'मंगूसेस' असं होतं.

क्वचित एखादा शब्द फुटतोही आणि त्याचा जन्मदाखलाही मिळतो. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो त्याला इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९६४ साली 'नेचर' नियतकालिकात नाव दिलं, पेट्रिकॉर. 'पेट्रा' म्हणजे दगड आणि 'इकॉर' म्हणजे ग्रीक देवांच्या अंगात रक्ताच्या जागी वाहणारा द्रव. दगडाचं देवरक्त. कनौजला हा वास कितीतरी आधीपासून अत्तरात उतरवतात, आणि त्या संशोधकांना ते माहीत होतं.

वहीची नोंद

शेवटची पायरी वहीची. अकरा वेळा लिहिण्याऐवजी प्रत्येक शब्दाला पाच ओळी द्या. पहिलीत इंग्रजी स्पेलिंग, दुसरीत तुकडे, तिसरीत तुकड्यांची बेरीज, चौथीत आजचा नेमका अर्थ कोशातून. पाचवी ओळ तिने स्वतः वाढवली, घरचा शब्द. डिसेंटरीच्या पानावर त्या ओळीत लिहिलं आहे, 'आजी म्हणते: आव पडणे, मुरडा येणे.' नर्सला ही ओळ सगळ्यांत आधी लागणार, कारण खाटेवरची बाई तिला हेच सांगेल. डिसेंटरी हा शब्द केसपेपरवर तिने स्वतः लिहायचा आहे.